मरीन टँकमधलं शेवाळ काढलं की पंधरा दिवसांत परत येतंय?

रविवारी दोन तास टूथब्रशने दगड घासायचे, दोन बादल्या पाणी बदलायचं, सोमवारी टँककडे बघून बरं वाटायचं आणि पुढच्या पंधरवड्यात तेच दगड पुन्हा हिरवे. समुद्री मासे आणि प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा नवा टँक, म्हणजे मरीन टँक, लावलेल्या बहुतेकांच्या घरी पहिल्या काही महिन्यांत हे चक्र चालतं. माझ्याकडे ते सात महिने चाललं. टँक पुण्यात, हॉलमध्ये आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच; दगड आणि वाळूची जागा वजा जाता साधारण १६० लिटर पाणी. त्या सात महिन्यांत मी एकामागून एक तीन वेगळ्या गोष्टींशी झगडत होतो आणि तिन्हींना 'शेवाळ' एवढंच म्हणत होतो. माझी पहिली चूक तिथे झाली.

आपल्याकडे विहिरीच्या पायरीवर येतं ते शेवाळ, पावसाळ्यात गच्चीवर पाय घसरवतं तेही शेवाळ. रोजच्या बोलण्यात एवढं पुरतं. मरीन टँकमध्ये पुरत नाही. वाळूवर येणारी तपकिरी भुकटी म्हणजे डायटम, काचेसारख्या सिलिकाच्या कवचात राहणारे एकपेशीय जीव. लाल-जांभळी साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया, नावाप्रमाणे बॅक्टेरियाच. बुडबुडे अडकलेले तपकिरी धागे म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. आणि हिरवे केस वाढतात ते आपण ज्याला मनापासून शेवाळ म्हणतो ते. चौघांचं खाद्य वेगळं, चौघांचा उपाय वेगळा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकाचा उपाय दुसऱ्याला आमंत्रण ठरू शकतो. माझ्या टँकमध्ये अगदी तसंच झालं, ते पुढे सविस्तर सांगतो.

नाव ठरवल्याशिवाय बाटली उघडू नका

निळ्या लाइटखाली सगळंच तपकिरी दिसतं, म्हणून आधी पांढरा लाइट लावा. मग काचेवरून बोट फिरवा. धूळ पुसल्यासारखं सहज निघालं, रंग सुंठेच्या पुडीसारखा असला आणि टँक सुरू होऊन दोन ते आठ आठवडे झाले असतील, तर ते बहुधा डायटम. बोटाला धागे लागले आणि ओढल्यावर दगडाला घट्ट चिकटून राहिले, तर हिरवं केसाळ शेवाळ. दुधावरची साय चमच्याने उचलावी तसा अख्खा पापुद्रा उठला, त्याला उग्र वास आला, तर सायनो. सायनो नेहमी लालच असतं असं नाही. काळपट हिरवंही असतं. पण पापुद्र्यासारखं निघणं ही त्याची खूण सहसा चुकत नाही.

डायनो ओळखणं जरा कठीण. दिसायला ते शेंबडासारखे, तपकिरी, आणि धाग्यांच्या टोकांना ऑक्सिजनचे बुडबुडे अडकलेले. दिवसभरात वाढत जातात आणि पहाटे लाइट लागण्याआधी टॉर्च मारून पाहिलं तर जवळजवळ गायब झालेले असतात. संध्याकाळी परत हजर. शंख सुस्त होऊन वाळूवर पडून राहायला लागले, तर हा संशय आधी घ्या.

खात्री करायला एक घरगुती चाचणी आहे. छोट्या पिचकारीने तो चिकट भाग थोड्या पाण्यासकट बाटलीत घ्या आणि गुठळ्या मोडेपर्यंत जोरात हलवा. मग ते पाणी टिश्यू पेपरमधून किंवा कॉफीच्या फिल्टरमधून गाळा. खाली आलेलं स्वच्छ दिसणारं पाणी तासभर चांगल्या उजेडात ठेवा. त्यात पुन्हा धागे जमले, तर ते डायनो असण्याची शक्यता खूप मोठी. पाणी स्वच्छच राहिलं, तर डायटम किंवा सायनोकडे वळा. शाळा-कॉलेजातला ४०० पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप मिळाला तर प्रश्नच मिटतो. मला तो एका मित्राच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मिळाला आणि दहा मिनिटांत जे कळलं, ते दोन महिने अंदाज बांधून कळलं नव्हतं.

आणखी एक, अगदी आधीच सांगायला हवं. वाळू साफ करताना पाइप तोंडाने ओढून सायफन सुरू करण्याची आपल्याकडे सवय आहे. मरीन टँकमध्ये ती सोडा. ऑस्ट्रिऑप्सिस या डायनोच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या कुळातलं विष तयार करतात. पाइप पूर्ण पाण्यात बुडवून भरून घ्या, एका टोकावर अंगठा धरा आणि ते टोक खाली बादलीत सोडा. हातावर जखम असेल तर ग्लोव्ह्ज घाला.

तपकिरी भुकटी आणि घरातला आरओ

नव्या टँकमध्ये चांगले बॅक्टेरिया बसून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की लगेच डायटम येतात. दगड आणि वाळू अजून उघडे असतात, पाण्यात सिलिकेट असतं, उजेड असतो; जागा रिकामी आणि खाद्य तयार. आपल्याकडे हा काळ जरा लांबतो, कारण आपण बहुतेक सगळे कोरड्या किंवा सिरॅमिकच्या दगडांवर टँक उभा करतो. तसंच करायला हवं. आपल्या देशात कठीण प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षण आहे. समुद्रातून उचललेला प्रवाळाचा दगड कुणी स्वस्तात देऊ केला, तर स्पष्ट नाही म्हणा. कोरड्या दगडावर सूक्ष्मजीवांची वस्ती बसायला वेळ लागतो. तेवढा वेळ देणं आपल्याला परवडतं, समुद्राला प्रवाळ गमावणं परवडत नाही.

पहिल्यांदा आलेल्या डायटमना काहीच करू नका. काच पुसा, वाळूचा वरचा थर बोटाने हलवा, लाइट दिवसाला पाच-सहा तासांवर आणा. टँकमध्ये प्रवाळ नसतील तर चार तासही पुरेत. सिलिकेट संपलं की ते आपोआप ओसरतात, साधारण दोन ते चार आठवड्यांत.

ते ओसरले आणि महिन्याभरात पुन्हा आले, पुन्हा ओसरले, पुन्हा आले, तर सिलिकेट कुठून तरी रोज आत येतंय. माझ्याकडे ते स्वयंपाकघरातल्या आरओमधून येत होतं.

आपल्या घरगुती आरओचं काम पिण्याचं पाणी देण्याचं आहे. मेम्ब्रेनमधून आलेलं पाणी चवीला सपक लागतं, म्हणून बऱ्याच मशीनमध्ये एक छोटा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो मेम्ब्रेन टाळून आलेलं थोडं पाणी शेवटी परत मिसळतो. काही मशीनमध्ये वर मिनरलची कार्ट्रिजही असते. पिणाऱ्याला चव येते आणि टँकला सिलिकेट, नायट्रेट, जे काही मूळ पाण्यात असेल ते सगळं मिळतं. माझ्या आरओच्या नळाचा टीडीएस ८० निघाला, म्हणजे लिटरला ८० मिलिग्रॅम. उन्हाळ्यात वर पंखा लावलेला असल्यामुळे टँकमधून दिवसाला तीन लिटर पाणी उडत होतं. उडतं ते फक्त पाणी, त्यातले क्षार मागे राहतात. उडालेलं पाणी मी रोज आरओच्या पाण्याने भरून काढायचो, यालाच टॉप-अप म्हणतात. तीन लिटर रोज म्हणजे महिन्याला ९० लिटर, आणि ८० टीडीएसच्या हिशेबाने सात ग्रॅमहून जास्त क्षार दर महिन्याला मी स्वतःच्या हाताने टँकमध्ये साठवत होतो. रविवारी पाणी बदलून मी जे बाहेर काढत होतो, त्यातलं बरंचसं सोमवार ते शनिवार टॉप-अपमधून परत भरत होतो.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर अधिक काळजी घ्या. दख्खनचा बराचसा पठारी भाग बेसाल्टचा आहे आणि त्या खडकातून झिरपलेल्या पाण्यात सिलिका विरघळून येते. त्यातून एक अडचण अशी की सिलिका टीडीएस मीटरला जवळजवळ दिसत नाही. मीटर मोजतो ती पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता, आणि सिलिका पाण्यात बहुतांशी विद्युतभार नसलेल्या रूपात असते. मीटर ५ दाखवत असला, तरी डायटमना पुरेल एवढी सिलिका आत जाऊ शकते.

मी केलं ते असं. टेक्निशियनला बोलावून मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या पाइपला टी बसवून घेतला, टीडीएस कंट्रोलर आणि मिनरलच्या कार्ट्रिजच्या अलीकडे. त्या लाइनवर डीआय रेझिनचे (पाण्यात उरलेले क्षार धरणाऱ्या दाण्यांचे) दोन डबे एकामागे एक जोडले. पहिल्या डब्यानंतर मीटर शून्याच्या वर गेला की पहिला रिकामा करायचा, दुसरा पुढे आणायचा आणि ताजं रेझिन मागच्या डब्यात. दोन डबे यासाठी की रेझिन संपत आलं की सर्वात आधी सिलिकाच निसटते, आणि एकच डबा असेल तर ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला आणि बाथरूममध्ये जातं. हे बसवल्यावर पाच आठवड्यांत डायटम गेले आणि परत आले नाहीत.

एसीच्या पाइपमधून ठिबकणारं पाणी शुद्ध म्हणून टँकमध्ये वापरू नका. ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून येतं आणि तांबं हे शंख, कोळंबी, प्रवाळ सगळ्यांना मारतं. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणीही मोजल्याशिवाय नको. कोकणात राहणाऱ्यांना समुद्राचं पाणी आणायचा मोह होतो, तो मी समजू शकतो. पण पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्यात नद्यांचं गोडं पाणी, गाळ आणि शेतांतून वाहून आलेलं खत मिसळलेलं असतं. त्या चार महिन्यांत तरी अजिबात नको.

हिरवे केस आणि दगडात साठलेला फॉस्फेट

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

केसाळ शेवाळाने टँक भरलाय, आणि पाणी तपासायचं किट शेवाळाची दोन मुख्य खतं अशी दाखवतंय: फॉस्फेट ०.०२ पीपीएम (दहा लाखांत ०.०२ भाग), नायट्रेट शून्य. दुकानदार म्हणतो पाणी तर उत्तम आहे. किट चुकीचं नसतं. शेवाळ जे खातंय ते पाण्यात उरतच नाही, म्हणून किटला दिसत नाही. रीडिंग कमी आहे याचा अर्थ टँकमध्ये खत कमी आहे असा होत नाही, फक्त उरलेलं कमी आहे एवढंच कळतं.

किटबद्दल दोन बारीक गोष्टी. टँक नवा असताना नायट्राइट शिल्लक असेल तर नायट्रेटचं रीडिंग खोटं जास्त येतं, म्हणून आधी नायट्राइट तपासा. आणि फॉस्फेट मोजायचं डिजिटल मशीन फॉस्फरस पीपीबीमध्ये दाखवत असेल, तर त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा. ३३ आलं तर फॉस्फेट ०.१ पीपीएम. मी पहिला महिना हे गुणलंच नव्हतं.

मग खत येतं कुठून? खाद्यातून, आणि दगडातून. कॅल्शियम कार्बोनेटचा दगड फॉस्फेट धरून ठेवतो. पाण्यात फॉस्फेट वाढला की दगड तो ओढून घेतो, पाण्यातला कमी झाला की हळूहळू सोडतो. म्हणूनच रविवारी पाणी बदलून फॉस्फेट खाली येतो आणि बुधवारी होता तिथेच परत. कोरडे दगड आधी कुठे वापरलेले असतील किंवा त्यांच्या भोकांत मेलेले जीव सुकलेले असतील, तर हा साठा मोठा असतो. तपासायचं असेल तर एक दगड नीट घासून बादलीत, ताज्या कालवलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवा, छोटा पंप लावा. सुरुवातीला फॉस्फेट मोजा, दोन दिवसांनी परत मोजा. माझ्या बादलीत शून्याचा ०.२५ झाला होता. त्या दिवशी कळलं की पाणी बदलून मी फक्त वरचा थर उपसत होतो, झरा खाली चालूच होता.

उपाय सावकाश चालतो आणि सावकाशच चालायला हवा. पाणी बदलायच्या दिवशी आधी टँकमधलं दहा-बारा लिटर पाणी बादलीत काढा. फिल्टरमधून टँकमध्ये पाणी परत आणणारा रिटर्न पंप बंद करा, नाहीतर तुटलेले धागे सगळीकडे पसरून नवी वस्ती करतात. जे दगड सुटे निघतात ते त्या बादलीतच कडक टूथब्रशने घासा, दुसऱ्या बादलीत विसळा आणि परत ठेवा. जे निघत नाहीत त्यांच्यावर पाइपचं टोक धरून दुसऱ्या हाताने उपटत जा, म्हणजे उपटलेलं लगेच बाहेर जातं. एका वेळी एक तृतीयांश दगडच घ्या. सगळे एकदम घासले तर त्यांच्यावर बसलेले चांगले बॅक्टेरियाही जातात आणि टँक पुन्हा पहिल्या महिन्यात जाऊन उभा राहतो.

त्यानंतर शंख. क्रम हाच ठेवा, आधी शंख नको. टर्बो आणि ट्रोकस आखूड शेवाळ छान खातात, पण एक सेंटिमीटरहून लांब केस त्यांना झेपत नाहीत. १६० लिटरला आठ-दहा पुरेत. ॲस्ट्रिया शंख उलटा पडला तर त्याला बहुधा परत सरळ होता येत नाही, त्यामुळे रोज सकाळी एक नजर टाकून पडलेले सरळ करा. नॅसॅरियस वाळू हलवतात, शेवाळ खात नाहीत. दुकानात 'क्लीनर' म्हणून ते गळ्यात मारले जातात. काही समुद्री शंखांनाही कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून बिलाशिवाय घेऊ नका. लॉनमोअर ब्लेनी दगड खरवडून खातो आणि बघायला फार गोड मासा आहे, पण शेवाळ संपल्यावर उपाशी राहतो. त्याला पुढे नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) आणि शाकाहारी खाद्य देणार असाल तरच आणा. टँग हा मासा तीन फुटांच्या टँकमध्ये आणूच नका. शेवाळ खायला म्हणून आणलेला मासा आयुष्यभर अरुंद काचेत फिरत राहतो, हे मला बघवत नाही.

फॉस्फेट उतरवायला लोखंडाचं दाणेदार माध्यम, जीएफओ, मिळतं. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या एक चतुर्थांशाने सुरू करा, आठवड्यातून दोनदा मोजा. लक्ष्य ठेवा ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान, आणि नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास. शून्य नाही. हे मी पुन्हा लिहितो कारण पुढचं सगळं त्यावर आहे: शून्य नाही.

संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत, जागा असेल तर केटोमॉर्फा या समुद्री शेवाळाचा एक गुंता टाका आणि टँकचा लाइट बंद झाल्यावर त्याचा सुरू करा. तो तेच खत खातो, आणि वाढला की मूठभर उपटून टाकता येतो. फिल्टरचा कापूस दर दोन-तीन दिवसांनी बदला. तो काळा होईपर्यंत ठेवला तर त्यात अडकलेली घाण तिथेच कुजते आणि परत पाण्यात उतरते.

केस फर्नच्या पानासारखे, मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी फुटलेले असतील तर ते ब्रायॉप्सिस. त्याला शंख तोंड लावत नाहीत आणि फॉस्फेट कमी करूनही ते फारसं हटत नाही. त्यावर फ्लुकोनाझोल वापरतात. तो वेगळाच विषय आहे, आणि पानं फर्नसारखी असल्याची खात्री होईपर्यंत त्याकडे वळू नका.

लाल साय

यावर थोडक्यात. सायनो बसतो तो जिथे पाणी हलत नाही आणि घाण साचते. पाइपने ओढून काढा, पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा, वाळूतली घाण सायफन करा. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट मात्र जास्त असेल तर तोल सायनोकडे झुकतो, कारण काही सायनो हवेतला नायट्रोजन स्वतः वापरू शकतात आणि बाकीच्यांना ते जमत नाही. अशा वेळी नायट्रेट थोडा वाढू देणं हाच उपाय. फारच पसरलं तर तीन दिवस टँक चादरीने झाकून पूर्ण अंधार करा, पण एअर स्टोन लावा. एवढं सगळं एकदम मेलं की पाण्यातला ऑक्सिजन पडतो. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप नेहमीच जवळ हवा, या तीन दिवसांत तर नक्कीच.

एरिथ्रोमायसिन टाकून सायनो जातो हे खरं आहे. पण ते अँटिबायोटिक आहे आणि टँक ज्यांच्यावर चालतो तेही बॅक्टेरियाच आहेत. मी वापरलं नाही आणि कुणाला सांगणार नाही.

शून्याच्या मागे लागल्यावर

आता माझी खरी चूक. चौथ्या महिन्यात हिरवे केस अर्ध्यावर आले होते. सगळं योग्य चाललं होतं, फक्त वेग मला पुरत नव्हता. मी जीएफओची मात्रा दुप्पट केली, वर बॅक्टेरियांना खाद्य म्हणून कार्बनचा डोस सुरू केला, माशांचं खाद्य निम्मं केलं आणि दर तीन दिवसांनी पाणी बदलू लागलो. दोन आठवड्यांत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. केस फिके पडले, गळून गेले. पांढरे स्वच्छ दगड बघून घरातले सगळे खूश होते, मीही होतो.

तीन आठवड्यांनी दगडांच्या टोकांवर तपकिरी धागे लोंबायला लागले, प्रत्येकाच्या टोकाला एक बुडबुडा. मला वाटलं डायटम परत आले, म्हणून अजून पाणी बदललं. धागे वाढले. दहा दिवसांत नऊ टर्बोंपैकी सहा मेले. मायक्रोस्कोपखाली थेंबाच्या आकाराच्या पेशी दिसल्या, एका टोकाने जागेला बांधल्यासारख्या गोल गोल फिरणाऱ्या. ऑस्ट्रिऑप्सिस.

झालं होतं ते असं. पाण्यातलं सगळं खत मी काढून घेतल्यावर दगडांवरचे केस मेले, डायटम मेले, बॅक्टेरियांची वाढही खुंटली. जागा पुन्हा रिकामी. अशा उपाशी टँकमध्ये तग धरायला डायनो चांगले तयार असतात. त्यांतले बरेच प्रकाशावरही जगतात आणि दुसऱ्या सूक्ष्म जीवांना खाऊनही जगतात. त्यांच्याशी जागेसाठी भांडणारं कुणी उरलं नव्हतं, आणि उरलं नव्हतं ते माझ्यामुळे.

म्हणून डायनोचा उपाय उलट्या दिशेने जातो. जीएफओ बंद. कार्बनचा डोस बंद. पाणी बदलणं बंद, बाष्पीभवनाचं टॉप-अप तेवढं चालू. माशांना पुन्हा पोटभर खाद्य. तेवढ्याने रीडिंग वर येत नसेल तर मरीन टँकसाठीच बनवलेलं नायट्रेट आणि फॉस्फेटचं द्रावण मोजून टाकायचं. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मध्ये धरून ठेवायचं. इथे तोच दगड पुन्हा आडवा येतो. आधी तो फॉस्फेट सोडत होता, आता रिकामा झालेला दगड टाकलेला फॉस्फेट ओढून घेतो. सकाळी ०.०८ केलेलं रीडिंग संध्याकाळी ०.०१ व्हायचं. पहिले बारा दिवस मी रोज दोनदा मोजत होतो. दगड भरला तसं रीडिंग स्थिर राहायला लागलं.

ऑस्ट्रिऑप्सिस रात्री दगड सोडून पाण्यात तरंगतात, म्हणून त्यांच्यावर यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील प्रकाशातून नेणारा दिवा, चालतो. १६० लिटरला साधारण १५ वॅटचा. त्याचं पाणी संपमधून नव्हे, थेट टँकमधून घ्या आणि टँकमध्येच सोडा. सुरुवातीला तीन दिवस अंधार केला, म्हणजे जास्तीत जास्त पेशी पाण्यात उतरतील. पाण्यातलं विष धरायला ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवला आणि कापूस रोज बदलला. दहा दिवसांत धागे विरळ झाले. पूर्ण जायला नऊ आठवडे लागले. त्या काळात थोडे हिरवे केस परत आले आणि या वेळी मला ते बघून हायसं वाटलं. जागा भरत होती.

तुमच्याकडे पेशी लंबगोल असतील आणि न गिरक्या घेता वाळूवर सरकत असतील, तर ते ॲम्फिडिनियम. ते वाळू सोडून वर येत नाहीत, त्यामुळे यूव्हीचा उपयोग नाही. त्यांच्यावर काही जण मोजून सिलिकेट टाकतात, डायटम वाढवून वाळूची जागा भरायला. आरओच्या लाइनमधून ज्याला घालवण्यासाठी मी एवढी खटपट केली, तेच सिलिकेट इथे औषध होतं. नाव न ठरवता उपाय करू नका असं मी सुरुवातीला म्हणालो ते यासाठी.

मोरचूद नको

माझ्या काकांचं शेततळं आहे. टँकचे फोटो बघून ते म्हणाले, "अरे, चिमूटभर मोरचूद टाक, आम्ही टाकतो, दोन दिवसांत पाणी नितळ." त्यांच्या तळ्यात ते चालत असेल. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट, आणि मरीन टँकमध्ये एकदा गेलेलं तांबं दगड आणि वाळू धरून ठेवतात. शेवाळ मरेल, त्याबरोबर शंख, कोळंबी, प्रवाळही, आणि नंतर आणलेलेही जगायची खात्री नाही. गोड्या पाण्याच्या टँकसाठीच्या शेवाळनाशक बाटल्यांतही तांबं असू शकतं, त्यामुळे घटक वाचल्याशिवाय बाटली घरात आणू नका.

गणपतीला गावी जाताना

सगळं स्थिर झालेल्या टँकमध्येही शेवाळ हमखास परततं ते पाच-सात दिवस घर बंद राहिल्यानंतर. आम्ही दर वर्षी गणपतीला कोकणात जातो. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंकडे खाद्याचा डबाच देऊन गेलो. मासे काचेपाशी येऊन बघतात म्हणून त्या प्रेमाने तीनदा खाऊ घालायच्या. परत आलो तेव्हा नायट्रेट ४० आणि मागची काच हिरवी.

आता निघायच्या आदल्या रात्री औषधाच्या वारांच्या डबीत रोजचं खाद्य मोजून भरतो, एका कप्प्यात एका दिवसाचं, आणि मूळ डबा कपाटात ठेवतो. मासे निरोगी असतील तर मधला एक दिवस रिकामा ठेवला तरी चालतो, तो कप्पा मी चिकटपट्टीने बंद करतो. टॉप-अपला फ्लोट व्हॉल्व्ह लावलेला आहे, त्याच्या कॅनमध्ये सात दिवसांचं डीआयचं पाणी. कॅन अर्धा झाला की फोटो पाठवा एवढंच काकूंना सांगितलेलं असतं. लाइटचा टायमर सहा तासांवर. निघताना स्किमरचा (फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) कप रिकामा करून धुतो, कापूस नवा घालतो आणि एअर पंपाची बॅटरी चार्ज झालीय का ते बघतो. यंदा सात दिवसांनी परतलो तर नायट्रेट ६ होता, काचेवर एकदा काच पुसायचा मॅग्नेट फिरवला की जाईल एवढा पातळ थर, आणि ओव्हरफ्लोच्या पेटीवर कोरलाइन या कठीण, हव्याशा शेवाळाचे तीन-चार नवे गुलाबी ठिपके. ते खरवडत नाही, तसेच राहू देतो.